दाण्याचं कूट गव्हाची जागा घेतं का?

उदगीरहून धाकट्या बहिणीचा फोन आला, तेव्हा तिचा आवाज पार बसलेला होता. नऊ वर्षांच्या लेकीचे रिपोर्ट हातात आले होते. दोन वर्षं पोट फुगणं, वरचेवर पातळ शौचाला होणं, लोहाच्या गोळ्या देऊनही रक्त न वाढणं, वर्गात सगळ्यांत बुटकी राहणं. या सगळ्याला आता एक नाव मिळालं होतं, सिलिॲक. गहू जन्मभर बंद. "पोळी गेली, बिस्कीट गेलं, शेवया गेल्या, रवा गेला. आता लेकराच्या डब्यात घालू काय गं अक्का?" एवढंच ती विचारत होती.

बदामाचं पीठ चालतं असं तिनं कुठंतरी वाचलं होतं, पण किंमत बघून तो विषय तिथंच सोडला. मग कुणीतरी मोबाइलवर व्हिडिओ पाठवला : शेंगदाणे दळा, पीठ मळा, पोळी लाटा. तिनं अर्धा किलो दाणे दळले. गोळा मळताना हाताला तेल लागलं, लाटताना कडा फाटल्या आणि तव्यावर पोळीचा चुरा झाला.

तिचं काय चुकलं, हे शोधताना मी बरंच वाचलं, लातूरच्या माझ्या ओट्यावर बरंच करून पाहिलं. सिलिॲकवाल्याला गव्हातल्या ज्या ग्लूटेननं त्रास होतो, ते दाण्याच्या कुटात नसतं हे खरं. पण कूट म्हणजे पीठ नव्हे. हा फरक कळला की पुढचं सोपं जातं. तो न कळल्यामुळे अनेक घरांत दाणेही वाया जातात आणि आईचा धीरही.

## ग्लूटेन हाताला कसं लागतं?

गव्हाच्या रानात लहानपण गेलेल्यांना ग्लूटेन आधीपासून माहीत आहे, फक्त नाव माहीत नाही. मूठभर कच्चे गहू तोंडात टाकून चघळत राहिलं की पांढरं पाणी निघून जातं आणि शेवटी चिंगमसारखा चिवट गोळा उरतो. तेच ग्लूटेन.

हे घरीही करता येतं. कणकेचा लिंबाएवढा गोळा घट्ट मळा, अर्धा तास झाकून ठेवा आणि बारीक धारेखाली हळूहळू चोळा. दुधासारखं पाणी जाईल, ते पिष्ट, म्हणजे स्टार्च. पाणी स्वच्छ झालं की हातात पिवळसर, ताणला तर लांबणारा लगदा राहील. ग्लूटेनिन आणि ग्लायडिन नावाची दोन प्रथिनं पाण्यात भिजून एकमेकांत गुंतली की हे जाळं तयार होतं. पोळी कागदासारखी लाटली जाते, फुलका फुगतो, पाव हवा धरून ठेवतो, ते याच जाळ्यामुळे.

आता ज्वारीच्या पिठाचा गोळा त्याच धारेखाली धरा. तो विरघळून जातो, हातात काही राहत नाही. ज्वारी, बाजरी, तांदूळ, मका, नाचणी, भगर, राजगिरा यांत हे जाळं नसतं. गव्हाशिवाय ते असतं जवात आणि राय नावाच्या परदेशी धान्यात. खपली गहू, रवा, मैदा, दलिया, शेवया ही सगळी गव्हाचीच रूपं.

## हे सोडावं लागतं कुणाला?

सिलिॲक असलेल्याला. यात शरीराची संरक्षणव्यवस्था ग्लूटेनला शत्रू समजते आणि त्या लढाईत स्वतःच्याच लहान आतड्याला जखमी करते. आतड्याच्या आतल्या बाजूला घोंगडीच्या लोकरीसारखे बारीक उंचवटे असतात. अन्नातलं सत्त्व त्यांच्यातूनच रक्तात जातं. वापरून वापरून घोंगडीची लोकर झडावी तसे ते सपाट होतात. मग लेकरू जेवतं, पण अंगाला लागत नाही. जगभरात साधारण शंभरात एकाला हा आजार असतो असं मानलं जातं. आपल्या देशात तो गहू जास्त खाणाऱ्या उत्तरेत जास्त दिसतो. पण आपल्याकडेही आहे, आणि "किरकोळ बांधा आहे" म्हणून वर्षानुवर्षं सापडत नाही.

गव्हाचा संबंध उलगडला तो एका दुष्काळामुळे. विलेम डिके हे नेदरलंड्समधले बालरोगतज्ज्ञ. त्यांना गव्हाचा संशय आधीपासून होता. 1944-45 च्या हिवाळ्यात, दुसऱ्या महायुद्धात, तिथं भीषण उपासमार झाली आणि पाव मिळेनासा झाला. सगळा देश अन्नासाठी तडफडत असताना या आजाराची मुलं मात्र सुधारली. पाव परत आला तशी ती पुन्हा खंगली. त्यानंतर डिके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नीट आहार देऊन, मोजमाप करून ही गोष्ट सिद्ध केली.

संशय असेल तर एक गोष्ट कृपा करून लक्षात ठेवा : तपासणी होईपर्यंत गहू सोडू नका. टीटीजी नावाची रक्ततपासणी आणि दुर्बिणीतून घेतलेला आतड्याचा तुकडा, दोन्ही गहू खाणं चालू असतानाच खरं सांगतात. आधीच गहू बंद केला तर आजार असूनही रिपोर्ट स्वच्छ येऊ शकतो.

गव्हाची ॲलर्जी हा वेगळा प्रकार. काहींना सिलिॲक नसूनही गव्हानं पोट जड होतं, तो आणखी वेगळा. ज्यांना यांतलं काहीच नाही, त्यांनी फॅशन म्हणून पोळी सोडण्याची गरज नाही. "ग्लूटेन फ्री" लिहिलेलं बिस्कीट मक्याच्या स्टार्चचं आणि साखरेचं असेल, तर मधुमेह असलेल्याला त्याचा काडीचा उपयोग नाही.

## दाण्यात मग असतं काय?

बदाम, काजू झाडावर लागतात. दाणा तूर-हरभऱ्याच्या कुळातला. पिवळं फूल वर उमलतं, मग आऱ्या, म्हणजे खाली वाढणारे देठ, सुटतात, त्या जमिनीत शिरतात आणि शेंग मातीत भरते. त्यामुळे तो धान्यही नाही आणि खऱ्या अर्थानं सुकामेवाही नाही. तो तेलबिया देणारं कडधान्य आहे, आणि स्वयंपाकातही तसाच वागतो.

शंभर ग्रॅम कणकेत साधारण सत्तर ग्रॅम पिष्ट, दहा-बारा ग्रॅम प्रथिनं आणि दोनेक ग्रॅम स्निग्धांश. शंभर ग्रॅम दाण्यात चाळीस ते पन्नास ग्रॅम तेल, पंचवीसच्या आसपास प्रथिनं आणि पिष्ट अगदी थोडं. म्हणजे जिथं कणकेत पिष्ट आहे तिथं दाण्यात तेल आहे. बहिणीच्या पोळीचा चुरा झाला तो इथं. गव्हाचं जाळं दाण्यात नाहीच. पण ज्वारीत जे असतं तेही नाही.

ज्वारीत जाळं नसूनही भाकर कशी होते? उकळत्या पाण्यामुळे. पिठात कढत पाणी पडलं की पिष्टाचे कण पाणी पिऊन फुगतात आणि चिकट होतात. तोच चिकटपणा पीठ बांधून ठेवतो. आपल्याकडे त्याला विरी म्हणतात. पीठ जुनं झालं की विरी जाते आणि भाकर थापताना भेगाळते, हे काटवटीपुढं बसणाऱ्या प्रत्येकीला ठाऊक आहे. कुटाला विरी येतच नाही, कारण फुगायला पिष्टच पुरेसं नाही. त्यात कढत पाणी घातलं तर तेल मोकळं होऊन गोळा आणखी सुटतो.

विटा आणि चुन्याचं उदाहरण घ्या. कूट म्हणजे चांगल्या भाजलेल्या, भारी विटा. चुना दुसरीकडून आणावा लागतो. नुसत्या विटा रचून भिंत उभी राहत नाही.

## चुना आणायचा कुठून?

मराठवाड्याच्या घरात त्याचं उत्तर टोपलीतच आहे : ज्वारी. तीन वाट्या ज्वारीच्या पिठाला एक वाटी कूट, हे माप मला जमलं. आधी फक्त ज्वारीच्या पिठात उकळतं पाणी घालून ते झाकून ठेवायचं. कोमट झालं की मग कूट, मीठ, तीळ, हिरवी मिरची, लसूण, हवी तर मेथी. सुती कापड ओलं करून त्यावर थापायचं, धपाट्यासारखं बोटानं मधे भोकं पाडायची आणि कडेनं तेल सोडून मंद आचेवर भाजायचं. आच मोठी ठेवली तर कूट करपतं आणि कडू लागतं. दोनास एक केलं तेव्हा कापडावरून तव्यावर जातानाच तुटलं. पहिल्यांदा करणार असाल तर चारास एकनं सुरुवात करा, हात बसला की वाढवा.

बहिणीच्या डब्याचा प्रश्न या धपाट्यानं बराचसा सोडवला. हे दुपारपर्यंत मऊ राहतं. कुटातल्या तेलामुळे ज्वारीचा कोरडेपणा जातो. नुसती भाकर डब्यात कडक होते म्हणून लेकरू परत आणायचं, हे परत येत नाही.

गोडाचं म्हणाल तर केक. इथं चुन्याचं काम अंडं करतं. स्पेनमध्ये सांतियागोचा केक म्हणून एक जुना प्रकार आहे. त्यात बदाम, अंडी आणि साखर असते, पीठ औषधालाही नसतं. त्याच धर्तीवर दोनशे ग्रॅम कूट, चार अंडी, दीडशे ग्रॅम साखर आणि वेलदोडा. पिवळं आणि पांढरं वेगळं करायचं. पांढरं फेस उभा राहीपर्यंत फेटायचं आणि शेवटी अलगद मिसळायचं. बेकिंग पावडर लागत नाही. मंद आचेवर, शिट्टी आणि रबर काढलेल्या कुकरमध्येही होतो. पण कुटाचा केक मैद्याच्या केकपेक्षा लवकर लाल होतो, म्हणून लक्ष ठेवा. अंडं चालत नसेल तर पिकलेलं केळं, थोडं ज्वारीचं पीठ आणि चमचाभर इसबगोल घ्या. तो केक बसका आणि ओलसर होतो, पण चव छान येते.

जिथं बांधण्याची गरजच नाही तिथं कूट एकटं पुरेसं आहे. आमटी दाट करायची तर कूट. लाडू करायचे तर कूट आणि गूळ. वांग्याच्या, दोडक्याच्या रश्शाला दाटपणा आणणारं कूट आपण रोज घालतोच. त्यासाठी काही नवीन शिकायचं नाही.

## मिक्सरमध्ये लोणी का होतं?

दाणे गरम असताना फिरवले की तेल सुटतं आणि भांड्याच्या तळाला लगदा चिकटतो. म्हणून दाणे मंद आचेवर भाजा, सालं चोळून पाखडून काढा आणि पूर्ण थंड होऊ द्या. रात्री भाजून सकाळी दळले तर उत्तम. मिक्सर सलग चालवू नका. बटण दाबा, सोडा, चमच्यानं हलवा, पुन्हा दाबा. आणि दोन-तीन चमचे ज्वारीचं पीठ सोबत टाका, ते सुटणारं तेल पिऊन घेतं. रव्याच्या चाळणीनं चाळा. वर उरलेला भरडा चटणीला घ्या.

कूट आठवड्यापुरतंच करा आणि फ्रिजमध्ये ठेवा. दळल्यावर तेलाला हवा लागते, ते लवकर खवट होतं.

लाकडी घाण्यावर तेल काढल्यानंतर उरणारी पेंड दळली तर तेल कमी आणि प्रथिनं जास्त असलेलं, खरं पिठासारखं पीठ मिळतं. बाजारात तेलविरहित दाण्याचं पीठ मिळतं ते याच जातीचं. पण पेंड माणसांच्या खाण्यासाठी निवडलेल्या दाण्यांचीच हवी. जनावरांसाठी विकली जाणारी पेंड घरात आणू नका. कारण पुढं येतंच आहे.

## "घरचं दळण आहे, मग भीती कसली?"

हा प्रश्न माझ्या आईनंच विचारला, आणि सगळ्यांत जास्त चुका इथंच होतात. ज्वारीत ग्लूटेन नसतं, पण गिरणीत असतं. आपल्या आधी कुणाचे गहू दळले गेले असतील तर जात्यात अडकलेली कणीक आपल्या डब्यात येते. किती आली तर चालते? आपल्या देशातल्या नियमानुसार "ग्लूटेनमुक्त" म्हणून विकायच्या पदार्थात किलोमागं 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन नको. एक ग्रॅम कणकेत साधारण 80 ते 90 मिलिग्रॅम ग्लूटेन असतं. म्हणजे एक किलो ज्वारीच्या पिठात पाव ग्रॅम, जेमतेम चिमूटभर, कणीक मिसळली तरी मर्यादा गाठलीच.

बहिणीनं सुरुवातीला गिरणीवाल्या काकांना "ज्वारीवरच टाका" म्हणून सांगितलं. ते भले आहेत, ऐकायचेही. पण कणीक हवेतच उडत असते, एकाच खोलीत ज्वारीचं आणि गव्हाचं अशी दोन्ही जाती फिरतात. शेवटी तिनं हप्त्यानं छोटी घरघंटी घेतली आणि तिच्यात गव्हाचा दाणा टाकायचा नाही असं ठरवलं. ज्याला घरघंटी परवडत नाही त्यानं निदान ज्वारी दळणाऱ्या स्वतंत्र जात्यावर, गव्हाची गर्दी नसेल तेव्हा दळावं. पण सिलिॲक असलेल्या लेकराच्या बाबतीत हा मार्ग कच्चाच, हे स्पष्ट सांगते. पोळपाट-लाटणं, चाळणी, तवा हेही वेगळं हवं. लाकडाच्या भेगांत पीठ बसतं, ते धुऊन जात नाही.

मग येतात लपलेले गहू. आपल्या येसरात, म्हणजे आमटीला लावायच्या भाजलेल्या पिठात, बहुतेक घरी गहू असतात. मेतकुटात असतात. भाजणीत कितीतरी जणी मूठभर घालतात. सातूचं पीठ तर गव्हाचं किंवा जवाचंच. धपाट्यात ज्वारीबरोबर कणीक घालायची पद्धत आहे. आणि हिंग! डबीतला बांधणी हिंग हा शुद्ध हिंग नसतो, त्यात पीठ मिसळलेलं असतं, बहुधा मैदा. रोजच्या फोडणीतून तो जातो आणि कुणाच्या ध्यानीमनी नसतं. डबीवर काय लिहिलंय ते वाचा. तांदळाच्या पिठात बांधलेला हिंगही मिळतो. मसाला लावलेल्या विकतच्या दाण्यांच्या कवचातही मैदा असू शकतो.

उलट आपलं उपवासाचं ताट बघा : भगर, साबुदाणा, दाण्याची आमटी, रताळं, राजगिऱ्याचा लाडू. एकादशीचा सगळा स्वयंपाक ग्लूटेनशिवायच होतो, आणि त्याचा आधार दाणाच आहे. पहिल्या महिन्यात बहीण गांगरली होती, तेव्हा मी तिला एवढंच म्हणाले, की जे सुचणार नाही त्या दिवशी उपवासाचं कर. फक्त राजगिऱ्याचं पीठ विकतचं असेल तर पुन्हा गिरणीचा तोच प्रश्न आलाच.

## बुरशीचं काय?

दाण्याबद्दल कुणी बोलत नाही अशी खरी काळजीची गोष्ट हीच. ओल राहिलेल्या दाण्यावर अ‍ॅस्परजिलस नावाची बुरशी वाढते आणि ती अफ्लाटॉक्सिन हे विष सोडते. 1960 साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून जास्त टर्की पक्षी अचानक मेले. शोध घेता घेता माग त्यांच्या खाद्यातल्या दाण्याच्या पेंडीपर्यंत गेला आणि तिथंच हे विष पहिल्यांदा ओळखलं गेलं. ते दीर्घकाळ पोटात जात राहिलं तर यकृताचं नुकसान करतं, यकृताच्या कर्करोगाचा धोका वाढवतं. भाजल्यानं थोडं कमी होतं, पूर्ण जात नाही. चवीवरून नेहमी कळेलच असं नाही.

आपल्या भागाशी याचा थेट संबंध आहे. शेंगा भरायच्या वेळी पावसानं ताण दिला तर जमिनीतच ही बुरशी लागण्याचा धोका वाढतो. नंतर काढणीला परतीचा पाऊस आला तर शेंगा वाळत नाहीत. मराठवाड्यात ही दोन्ही संकटं एकाच हंगामात येऊ शकतात.

चटणीला चमचाभर दाणे लागतात तेव्हा हा विचार मागं राहिला तरी चालून जातं. पण कूट पीठ म्हणून रोज वाटीवाटीनं खायचं ठरवलं की मात्रा वाढते, म्हणून निवडही कडक हवी. शक्यतो दाणे अख्ख्या शेंगा आणून घरी फोडावेत. शेंग कानाशी हलवली की खुळखुळ वाजली पाहिजे. वाजली नाही तर ती ओली आहे. फोडलेले दाणे ताटात पसरून सुरकुतलेले, काळपट, हिरवट-पिवळी भुकटी असलेले, मोड आलेले वेचून फेका. दाणे फेकायला जड जातं, पण विष सर्वांत जास्त असतं ते याच वाईट दाण्यांत. तयार कूट विकत घेऊ नका. दळल्यावर चांगलं-वाईट एकच दिसतं.

लातूरच्या तेलबिया संशोधन केंद्रातून आणि भाभा अणुसंशोधन केंद्राच्या साथीनं आलेला टीएलजी 45 हा टपोऱ्या दाण्याचा वाण. असा मोठा दाणा निवडायला सोपा जातो, एवढं मी अनुभवानं सांगू शकते.

## "एवढे दाणे खाऊन वजन वाढेल, पित्त होईल"

वजनाचं म्हणणं खरं आहे. शंभर ग्रॅम दाण्यात साडेपाचशेच्या वर कॅलरी, तेवढ्याच कणकेत साधारण साडेतीनशे. म्हणून कणकेऐवजी तितकंच कूट, हा हिशोब चुकीचा आहे. एका धपाट्यात मूठभर कूट पुरतं. खंगलेल्या लेकराला हेच जास्तीचं पोषण उपयोगी पडतं. पण आजार नुकताच सापडला असेल आणि आतडं अजून जखमी असेल, तर इतकं तेल पचत नाही, जुलाब वाढू शकतात. भाचीला पहिले दोन महिने आम्ही कूट अगदी थोडं दिलं, डॉक्टरांना विचारूनच.

पित्ताचं असं, की तेलकट अन्न पोटात जास्त वेळ थांबतं. ज्यांना जळजळीची सवय आहे त्यांना त्रास होतो. त्यांनी रात्री टाळावं.

दाण्याची ॲलर्जी मात्र गांभीर्यानं घ्या. दाणे खाऊन ओठ सुजणं, अंगावर गांधी उठणं, श्वास लागणं असं काही झालं तर थेट दवाखाना. अशा माणसासाठी हा सगळा लेखच गैरलागू.

आणि नुसता दाणा हा धान्याला पर्याय नाही, तसंच नुसती ज्वारीही पुरेशी नाही. दख्खनमध्ये ज्वारीवरच गुजराण करणाऱ्या गरीब लोकांत पेलाग्रा हा कातडी आणि मेंदू बिघडवणारा आजार दिसायचा. नायसिन या जीवनसत्त्वाच्या कमतरतेशी तो जोडलेला आहे. हैदराबादला डॉ. सी. गोपालन यांनी त्यावर 1960 च्या सुमारास काम केलं. दाण्यात नायसिन भरपूर असतं. भाकर आणि दाण्याची चटणी ही जोडी ज्यांनी लावली त्यांना जीवनसत्त्वाचं नाव माहीत नव्हतं, पण ताट बरोबर होतं.

## रेशनचा गहू

हा भाग स्वयंपाकघराबाहेरचा आहे, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. रेशनवर गहू आणि तांदूळ येतात. ज्या घरात सिलिॲकचं लेकरू आहे, तिथं तांदूळ वापरता येतो, गहू नाही, आणि ज्वारी बाजारभावानं घ्यावी लागते. सोयाबीन आणि कापसामुळे शिवारातली ज्वारी कमी झाली, भाव चढले. घरघंटी, वेगळी भांडी, निवडलेले दाणे या सगळ्याचा खर्च वर येतो. धान्याच्या यादीत भरड धान्याची जागा कायद्यानं आहे. ती या घरांपर्यंत खरोखर ज्वारी होऊन पोहोचावी, असं मला मनापासून वाटतं.

## वेळ अमावस्येला

यंदा वेळ अमावस्येला, आपल्याकडच्या शेतपूजेच्या सणाला, बहिणीच्या शेतात गेलो. कडब्याच्या कोपीपुढं पंगत बसली. भाज्या आणि कडधान्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, अंबिल, गव्हाची खीर आणि गुळाच्या दाण्याच्या पोळ्या. भाचीनं ताट पुढं ओढण्याआधी एकेका भांड्याकडं बोट दाखवून विचारलं, "यात गहू?" भज्जीत येसर नाही ना, फोडणीचा हिंग कुठला, हेही तिनंच विचारलं. उंडे घरघंटीच्या पिठाचे होते, अंबिल ज्वारीची. खीर तिनं स्वतःहून बाजूला सारली. दाण्याच्या पोळीचं सारण तिला फार आवडतं, पण वरचा पापुद्रा कणकेचा. म्हणून बहिणीनं पोळ्या लाटायला घेण्याच्या आधीच, स्वच्छ हातांनी, त्याच सारणाचे पाच लाडू वळून वेगळ्या डब्यात ठेवले होते. भाचीनं दोन खाल्ले, एक खिशात घातला आणि पोरांबरोबर बांधावर पळाली.